जामीन गावलो, मगे झील खंय?

देवगड तालुक्यातल्या एका गावाहून पहिली एसटी धरून आलेल्या बाईंनी कोर्टाच्या व्हरांड्यात मला हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या मुलाला जामीन मंजूर होऊन नऊ दिवस झाले होते. झील, म्हणजे मुलगा, वीस वर्षांचा. कुणाच्या तरी आंब्याच्या कलमांच्या बागेतल्या मांगरातून, म्हणजे माल ठेवायच्या छोट्या इमारतीतून, पाण्याचा पंप उचलला आणि भंगारवाल्याला विकला, असा गुन्हा. पंप दुसऱ्याच दिवशी मिळाला, मुलानेच दाखवून दिला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जामीनही दिला: पंचवीस हजार रुपये आणि एक सक्षम जामीनदार. तरी मुलगा ओरोसच्या कारागृहातच.

मी त्यांना वकिली मराठीत काहीबाही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पिशवीतून नारळ काढून बाकावर ठेवला आणि पुन्हा विचारलं, "तां सगळा खरा, पण झील खंय?" त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सावकाश सांगतो.

आधी एक समजूत बाजूला ठेवूया. तुरुंग म्हणजे शिक्षा भोगायची जागा, असं आपण धरून चालतो. आतल्या भाषेत कैदी दोन प्रकारचे, कच्चे आणि पक्के. पक्का म्हणजे ज्याचा खटला संपला, गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षा लागली. कच्चा म्हणजे ज्याचा खटला अजून चालायचा आहे किंवा चालू आहे. कागदावर त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. म्हणजे चारातले तीन. जागा मात्र ४,३६,२६६ जणांचीच. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सगळे कच्चे कैदी उद्या बाहेर पडले, तर तुरुंगांतली गर्दी तर संपेलच, वर बराकीच्या बराकी ओस पडतील. सगळ्यांना सोडावं असं मी म्हणत नाही, त्यांत गंभीर गुन्ह्यांतलेही आहेत. पण गर्दीचं कारण 'गुन्हेगार फार झाले' हे नसून 'थांबलेले फार झाले' हे आहे, एवढं त्यावरून दिसतं.

आपल्या राज्यात या खात्याचं नाव 'कारागृह व सुधारसेवा' आणि ब्रीदवाक्य 'सुधारणा व पुनर्वसन'. नाव चांगलंच आहे. पण ज्याचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही, त्याची सुधारणा कशाची करणार? कच्च्या कैद्याला कामही सक्तीने देता येत नाही. तो बसून असतो. तारखेला पोलिसांची गाडी आणि माणसं मिळाली तर कोर्टात येतो, नाहीतर व्हिडिओवर तोंड दाखवतो आणि पुढची तारीख घेतो.

सातबाऱ्यावरची सत्तावीस नावं

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'सातबारा'.

जामीन मंजूर होणं आणि जामिनावर सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्ट म्हणतं, हा मुलगा तारखेला येईल याची हमी घेणारा कुणीतरी आणा. तो नाही आला, तर तुमच्याकडून पैसे वसूल होतील. म्हणजे जामीनदाराची तेवढी ऐपत हवी. ऐपत दाखवायला कोर्ट बहुतेक वेळा सातबारा मागतं, कधी तहसीलदाराचा ऐपत दाखलाही.

आता कोकणातला सातबारा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. या बाईंच्या घराचा होता सामाईक, सत्तावीस नावांचा. त्यांतले सहा वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. अकरा जण मुंबईला, कुणी लालबागला, कुणी नालासोपाऱ्याला, ते गणपतीला आले तर भेटणार. एक काका कोर्टकचेरीचं नाव काढताच फोन ठेवणारा. जमीन बारा एकर, माड आहेत, आंब्याची कलमं आहेत, आणि तरीही कोर्टात दाखवायला एका माणसाच्या नावावर सरळ असं काही नाही. घाटावरच्या वकील मित्राला मी हे सांगितलं तर तो हसतो. तिकडे निदान वाटण्या झालेल्या असतात.

ज्याला इथे सामाईक सातबाराही नाही, त्याचे हाल तर विचारू नका. रत्नागिरी-देवगडच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी, ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी. यांच्यापैकी कुणी मारामारीत किंवा किरकोळ चोरीत अडकला, तर त्याच्यासाठी उभं कोण राहणार? तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, राहिला तर राहिला.

हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं उत्तरही जुनंच. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी खालच्या कोर्टाने नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आग्रह चुकीचा ठरवला आणि मोतीरामला स्वतःच्या हजार रुपयांच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. स्वतःचं बंधपत्र म्हणजे जातमुचलका. कोर्टात सगळे त्याला पीआर बाँड म्हणतात. जामीनदार नाही, सातबारा नाही, माणूस स्वतःच लिहून देतो की मी येईन.

त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सूचना दिल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने तुरुंगाधिकाऱ्यामार्फत थेट कैद्याला पाठवायची. आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंगाच्या अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या, सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळालाच नाही, तर कोर्टाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करायचा. स्थानिकच जामीनदार हवा, ही अट सुटका लांबण्याचं एक मोठं कारण आहे, असंही त्यात नोंदवलं आहे. विरारला राहणाऱ्या एखाद्या काकाची हमी त्यामुळे चालायला हरकत नाही. पैशावाचून अडलेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे: सुरुवातीच्या नियमांत कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, पक्क्याला दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत होती. हे सगळं आहे. पण ते आपणहून चालत घरी येत नाही, मागावं लागतं.

चार तिठे

गुन्हा ते तुरुंग हा सरळ हमरस्ता आहे असं वाटतं. तसा तो नाही. आपल्या महामार्गावर जसे तिठे, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या जागा, लागतात, तसे याही वाटेवर चार लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी दुसरीकडे जाणारा रस्ता कायद्याने काढून ठेवलेला आहे.

पहिला तिठा अटकेचा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठून अटक करायची नसते. आधी नोटीस देऊन बोलवायचं, आणि अटक गरजेची वाटली तर ती का, हे लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम ३५ मध्ये आहे. नोटीस आली म्हणून घाबरून मुंबईला पळून जाऊ नका. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर अटक टळण्याची शक्यता वाढते. पळालात तर अटकेचं कारण तुम्हीच तयार करून दिलंत.

दुसरा तिठा जामिनाचा. त्याबद्दल बरंच सांगून झालं. त्यात याच संहितेतल्या एका कलमाची भर घालतो, ४७९. आधी कधीही दोषी न ठरलेला माणूस खटला चालू असताना त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. आधी दोषी ठरलेल्यांना निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर या कलमाचा आधार मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या खटल्यांनाही ते लागू केलं. मुदत भरली की अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाधीक्षकांवर टाकली आहे, हे या कलमातलं सगळ्यात चांगलं. पण हिशेब करून बघा. मांगरातल्या चोरीला जास्तीत जास्त सात वर्षं. त्याचा तिसरा हिस्सा दोन वर्षं चार महिने. एका पंपासाठी, तेही गुन्हा शाबीत होण्याआधी.

हापूसची पेटी आणि पाच हजारांची रेघ

तिसरा तिठा शिक्षेचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. गुन्हा शाबीत झाला, आता पुढे काय? लोकांच्या मनात दोनच उत्तरं असतात, 'आत घातला' किंवा 'सोडून दिला'. या दोहोंच्या मधे बरीच जागा आहे.

गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या नव्या कायद्याने, भारतीय न्याय संहितेने, समाजसेवा ही नवी शिक्षा आणली. समाजाच्या उपयोगाचं काम करायचं, मोबदला मिळणार नाही, अशी कायद्यातली व्याख्या. ही शिक्षा सहाच गुन्ह्यांना आहे: सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणं, कोर्टाने जाहीरनामा काढूनही हजर न होणं, सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं, पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणं आणि बदनामी. आपल्याकडे नेहमी येणारे त्यांतले दोनच, चोरी आणि दारू.

दारूचं सोपं आहे. ३१ डिसेंबरला कुणी किनाऱ्यावर बाटल्या फोडत गोंधळ घातला, तर २४ तासांपर्यंतची साधी कैद, किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच किनाऱ्यावरच्या काचा वेचायला लावल्या, तर चोवीस तासांच्या कोठडीपेक्षा ते त्याच्या जास्त लक्षात राहील, असं माझं मत आहे. कुठलं काम द्यायचं हे कायद्याने सांगितलेलं नाही. ग्रामीण रुग्णालय, वाचनालय, एसटी स्टँड, जागा काय कमी आहेत? फक्त तिथे हजेरी घेणारं कुणीतरी हवं.

चोरीचं मात्र मजेशीर आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी हवी, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला हवा, आणि वस्तू किंवा तिची किंमत त्याने परत केलेली हवी. हे तिन्ही जुळलं तर शिक्षा समाजसेवेची. आता हापूसची एक पेटी घ्या. फेब्रुवारीत पहिला आंबा निघतो तेव्हा चांगल्या पेटीचा भाव पाच हजारांवर जाऊ शकतो. मे महिन्याच्या अखेरीला तीच पेटी दीड-दोन हजारांना कुणी घेईना. म्हणजे तोच चोर, तीच बाग, तीच पेटी. शिमग्याआधी उचलली तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पावसाच्या तोंडावर उचलली तर समाजसेवा. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, कबूल. पण आंब्याच्या भावाशी ती अशी बांधली जाईल, हे दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल.

याहून मोठी गोम पुढे आहे. पेटी झाडाखालून उचलली तर कलम ३०३, ज्यात ही सवलत आहे. तीच पेटी मांगरातून उचलली, तर मांगर ही माल ठेवायची इमारत, म्हणून कलम ३०५, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिथे पाच हजारांची सवलत नाही. टेम्पोतून उचलली तरी ३०५च. बाईंचा मुलगा अडकला तो इथे. पंप विहिरीच्या काठावर असता, तर निदान कलम तरी हलकं लागलं असतं.

१९५८ चा कायदा, जो कुणी मागत नाही

मग मांगरातून चोरी करणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला तुरुंगाशिवाय रस्ताच नाही का? आहे. समाजसेवेचा पेपरांत गाजावाजा झाला, पण माझ्या मते खरा कामाचा कायदा पासष्ट वर्षांहून जुना आहे: अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. 'परिवीक्षा' हा शब्द वाचूनच लोक पान उलटतात, म्हणून साध्या मराठीत सांगतो. गुन्हा शाबीत झाला, पण शिक्षा लगेच सुनावायची नाही. 'चांगल्या वर्तणुकीचं' बंधपत्र लिहून घ्यायचं, जास्तीत जास्त तीन वर्षांचं, आणि माणसाला घरी पाठवायचं. कोर्टाला वाटलं तर त्याच्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवायची. त्या काळात तो नीट वागला, तर तुरुंगाचं दार बघायची वेळ येत नाही. अट मोडली तर कोर्ट त्याला बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. पहिल्यांदा मोडली असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करूनही भागतं. हे पन्नास रुपये १९५८ चे आहेत, तेव्हा ते पुष्कळ होते.

फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या कुठल्याही गुन्ह्यात हे मागता येतं. म्हणजे मांगरातल्या चोरीतही. त्याहून हलक्या, दोन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत आणि चोरीच्या काही प्रकारांत, आधी शिक्षा झालेली नसेल तर कोर्ट नुसती समज देऊनही सोडू शकतं. आणि कलम ६ बघा. गुन्हेगार २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला कैदेची शिक्षा देऊच नये, असा नियमच आहे. द्यायची असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, परिवीक्षा का नको याची खात्री करून घ्यायची आणि कारण लिहायचं.

अहवाल म्हणजे काय? परिवीक्षा अधिकारी आपल्याकडे महिला व बालविकास खात्याचा असतो. तो मुलाच्या घरी येतो. आईला भेटतो, शेजाऱ्यांना विचारतो, शाळा कधी सोडली, का सोडली, दारू आहे का, कर्ज आहे का, संगत कुणाची, कामावर परत घेईल असं कुणी आहे का. हे सगळं तो दोन-तीन पानांत लिहून देतो. खटल्याच्या शेकडो पानांत मुलाने काय केलं ते असतं. मुलगा कोण आहे, हे फक्त या दोन-तीन पानांत. अडचण अशी की असे अधिकारी फार थोडे, आणि त्यांच्याकडे बालगृहापासून दत्तकापर्यंतची कामं. अहवालासाठी एक-दोन तारखा जातात. आरोपी कंटाळलेला असतो, वकील घाईत असतो, आणि 'साहेब, गुन्हा कबूल, जेवढे दिवस आत काढले तेवढी शिक्षा द्या' म्हणून प्रकरण संपवलं जातं. मुलगा त्याच संध्याकाळी घरी येतो, सगळे खूश. पण त्याच्या नावावर भोगलेल्या शिक्षेची नोंद कायमची राहते. परिवीक्षेवर सुटला असता, तर कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्याला लागली नसती. दोष पुसला जात नाही, हे खरं. पण पुढे एखादी जागा निघाली, निवडणुकीला उभं राहायचं झालं, तर हा फरक मोठा पडतो.

आणि ज्याचा पंप गेला त्या बागायतदाराचं काय? हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारायलाच हवा. मुलगा आत गेला, तर बागायतदाराला मिळतं ते साक्षीचं समन्स आणि मुद्देमाल म्हणून कोर्टात अडकलेला पंप. परिवीक्षेवर सोडताना मात्र कोर्ट कलम ५ खाली मुलाकडून नुकसानभरपाई आणि खर्च देववू शकतं. काही गुन्ह्यांत तडजोडही करता येते, लोकअदालतीत किंवा मध्यस्थाकडे. सात वर्षांपर्यंतच्या बऱ्याच गुन्ह्यांत, स्त्रिया आणि लहान मुलांवरचे गुन्हे सोडून, भरपाई देऊन शिक्षा कमी करून घेण्याची, म्हणजे प्ली बार्गेनिंगची, सोयही २००६ पासून आहे. ती वापरताना मी क्वचितच कुणाला पाहिलं.

इथे कुणीतरी म्हणतंच, मग आमची गावकीच काय वाईट होती? देवळात बसून मिटवायचे. मिटवायचे, खरं आहे. बांध, पायवाट, माडावरून पडलेली झाप, असल्या गोष्टी गावातच मिटाव्यात. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचाही हेतू तोच होता. पण गावकीच्या हातातली सगळ्यात मोठी शिक्षा होती वाळीत टाकणं. होळीला मान नाही, पाणवठ्यावर कुणी बोलणार नाही, मयताला खांदा नाही. तिथे अपील नव्हतं आणि मुदतही नव्हती. म्हणूनच राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, आणि आज वाळीत टाकणाऱ्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगाला पर्याय शोधताना गावाचा जाच परत आणायचा नाही, एवढं भान हवं.

भिंतीवाचून कैद

भिंत नसली तरी कैद होते, हे रत्नागिरीइतकं कुणाला माहीत असणार? ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. तीस वर्षं. तुरुंगात एक दिवसही नाही, शेवटची काही वर्षं तर समुद्र दिसणाऱ्या राजवाड्यात. पण इंग्रजांच्या परवानगीवाचून बाहेर पाऊल नाही. पुढे सावरकरांना अंदमानानंतर काही काळ रत्नागिरीच्याच तुरुंगात ठेवलं, आणि जानेवारी १९२४ मध्ये सोडलं ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही या अटीवर. ती अट निघायला १९३७ उजाडलं. आजची तडीपारी याच्या बरोबर उलट: तिथे जिल्ह्यात यायचं नाही. दोन्हींत माणूस आपल्या घरात किंवा कुणाच्या तरी घरात झोपतो, आणि तरी त्याच्या पायात दोरी असते.

ही जुनी उदाहरणं मुद्दाम दिली. पर्यायी शिक्षा म्हटलं की लोकांना ती सूट वाटते. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी, अमुक गावात पाय ठेवायचा नाही, साक्षीदाराशी बोलायचं नाही, यांत स्वातंत्र्य जातंच. उलट, अटी फार झाल्या तर त्याही जाच होतात. जामिनावरच्या माणसाने मोबाइलवरून आपलं ठिकाण पोलिसांना सतत दाखवत राहावं, ही अट जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणावरचं आक्रमण म्हणून रद्द केली.

चौथा तिठा तुरुंगाच्या आतला, पक्क्या कैद्यांसाठी. याबद्दल थोडक्यात, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा भाग नाही. चांगलं वागून, काम करून शिक्षेत माफी मिळते. संचित रजा म्हणजे फर्लो: ठरावीक वर्षं आत काढली की कारण न देता मिळणारी सुट्टी, घरच्यांशी नातं तुटू नये म्हणून, आणि ती शिक्षेतच धरतात. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल: घरी आजारपण, मयत, लग्न असं कारण लागतं. खुलं कारागृह म्हणजे जिथे उंच भिंतीऐवजी शेत असतं. येरवडा आणि पैठणला अशी कारागृहं आहेत. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला तर औंध संस्थानच्या काळापासून कैदी कुटुंबासह राहून शेती करत आले आहेत. आतल्या कामांचं वाटप मात्र परवापरवापर्यंत काही राज्यांच्या नियमपुस्तकांत जातीवरून होतं, झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा इथपर्यंत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले.

बाईंच्या मुलाकडे परत येतो. सातवा दिवस कधीच उलटून गेला होता, आणि प्राधिकरणाकडे कुणी कळवलं होतं की नाही, ते मी तोवर विचारलंही नव्हतं. शेवटी सचिवांना भेटलो. कारागृहात असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते, हे मी त्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मग अट बदलण्याचा अर्ज दिला: मुलगा गावचा रहिवासी, पंप परत मिळाला आहे, आधीचा गुन्हा नाही, जामीनदाराऐवजी जातमुचलक्यावर सोडावं. अर्ज दीड पानाचा. सरकारी वकिलांनी विरोध केला, फारसा नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मंजूर केला, दर रविवारी ठाण्यात हजेरीच्या अटीवर. चोविसाव्या दिवशी मुलगा ओरोसहून एसटीने घरी गेला. खटला अजून चालू आहे. निकाल विरुद्ध गेला तर परिवीक्षेचा अर्ज द्यायचा आहे, तो आत्ताच लिहून फायलीत लावून ठेवलाय.

पुढच्या तारखेला बाई आल्या, या वेळी सोबत मुलगा. नारळ दोन होते. म्हणाल्या, "दीड पानाचा काम होता, मगे ह्या पयलाच कित्याक नाय केलास?"

मी खरं तेच सांगितलं. ते सगळे दिवस मी सातबाऱ्यावरच्या सत्तावीस नावांच्या सह्या गोळा करत होतो.